आधी नियम शोध, मग अर्थ: प्रायोगिक शॉर्ट फिल्म्स कोणत्या आणि कशा पाहायच्या

"काका, मी फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला फिल्म करायची आहे. एका सीनिअरनं पन्नास प्रायोगिक शॉर्ट फिल्म्सची यादी दिली. पाहते आहे, पण निम्म्या डोक्यावरून जातात. नेमक्या कोणत्या पाहू? कळत नाहीत म्हणजे मीच कमी पडते का? आणि फोन सोडून माझ्याकडे काही नाही, तर बडोद्यात बसून काय करता येईल?" असं तू विचारलंस.

कमी पडते का, याचं उत्तर आधी देतो. नाही पडत. तू फक्त फिल्मला भलताच प्रश्न पहिला विचारते आहेस. पहिल्या मिनिटापासून 'याचा अर्थ काय' म्हणून मागे लागलं की फिल्म हाती लागत नाही आणि आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. माझी उमेदीची सगळी वर्षं डॉक्युमेंटरीच्या संकलनात गेली, पोरांना शिकवतोही, आणि सगळ्यांना एकच सांगतो: अर्थ राहू दे, आधी नियम शोध. चांगल्या प्रायोगिक फिल्मच्या मुळाशी करणाऱ्यानं स्वतःवर घालून घेतलेलं एखादं बंधन असतं. हलतं चित्र घ्यायचं नाही. कॅमेराच वापरायचा नाही. खोलीबाहेर पडायचं नाही. निवेदन ठेवायचं नाही. ते बंधन सापडलं की पुढचं आपोआप दिसायला लागतं: ते कुठे कसोशीनं पाळलंय, कुठे मोडलंय, मोडल्यावर काय झालं. ज्या फिल्ममध्ये तीनतीनदा पाहूनही असा नियम सापडत नाही, ती बहुतेक वेळा कच्चीच असते. ती कळली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

पन्नासची यादी बाजूला ठेव. मी सांगतो त्या थोड्या पाहा, पण प्रत्येक पुन्हापुन्हा पाहा.

सुरुवात क्रिस मार्करच्या 'ला जेते'पासून. १९६२ ची फ्रेंच फिल्म, २८ मिनिटांची. ती आधी अशासाठी की तिच्यात धडधडीत गोष्ट आहे. तिसरं महायुद्ध होऊन पॅरिस बेचिराख झालंय, वाचलेली माणसं जमिनीखाली राहतात, आणि तिथे एका कैद्यावर काळात मागे पाठवण्याचे प्रयोग चाललेत. त्यालाच निवडलंय, कारण लहानपणी विमानतळावर पाहिलेल्या एका बाईचा चेहरा त्याच्या मनात घट्ट बसलेला आहे. मार्करनं हे सगळं स्थिर छायाचित्रांतून सांगितलंय. फोटोमागून फोटो, वर निवेदकाचा आवाज, मधूनच कुजबुज, संगीत. नियम पाचव्या मिनिटालाच कळतो, आणि दहाव्या मिनिटाला आपण तो विसरतोसुद्धा.

फिल्म बरीच पुढे गेल्यावर ती बाई झोपलेली दिसते. उशीवर डोकं, केस विस्कटलेले. एक फोटो दुसऱ्यात विरघळतो, दुसरा तिसऱ्यात. मान जराशी वळलेली, हात जरासा सरकलेला. डिझॉल्व जवळजवळ यायला लागतात, मागे पक्ष्यांची किलबिल वाढत वाढत कर्कश होते. आणि ती डोळे उघडते. फोटोत उघडलेले डोळे नाहीत हे, ती खरोखर उघडते, आपल्याकडे बघते, पापणी हलते. काही सेकंद, बस्स. अख्ख्या फिल्ममधलं हलतं चित्र एवढंच. आपल्या फोनमधल्या कुठल्याही फालतू व्हिडिओत माणसं सतत हलत असतात, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मार्करनं वीस मिनिटं हालचाल नाकारली, म्हणून एका पापणीची किंमत एवढी झाली. संकलनाबद्दल मला जे काही सांगायचं असतं त्यातलं बरंचसं त्या एका जागी आहे: प्रेक्षकाला काय द्यायचं हे ठरवण्याआधी काय द्यायचं नाही ते ठरवावं लागतं.

ही फिल्म पाहिल्यावर लगेच करण्यासारखं काम घरातच आहे. डांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या घरांतून जुने अल्बम असतातच, कमाटी बागेतल्या बँडस्टँडपुढे अख्खं कुटुंब ओळीनं उभं असलेला एखादा फोटोही असतो. असे पंधरा-वीस फोटो घे, फोनवरच पुन्हा टिप, आणि दोन मिनिटांची फिल्म कर. निवेदन लिहिताना एकच पथ्य पाळ: फोटोत जे दिसतं ते बोलायचं नाही. 'ही माझी आजी' म्हणालीस की फोटो संपला. आजीनं त्या दिवशी कोणाशी अबोला धरला होता ते सांगितलंस, तर बघणारा फोटोतला प्रत्येक चेहरा न्याहाळायला लागेल.

दुसरी फिल्म 'रेन'. जोरिस इव्हेन्स आणि मानुस फ्रांकेन या दोघांची, १९२९ ची, बारा-चौदा मिनिटांची मूक फिल्म. अॅमस्टरडॅम शहरात पाऊस येतो आणि जातो, विषय एवढाच. आधी ऊन, छपरं, कालव्याचं पाणी. मग वारा, वाळत घातलेले कपडे फडफडतात, पक्षी उडतात, पाण्यावर पहिले थेंब. एक माणूस हात पुढे करून पाऊस आलाय का ते बघतो आणि कोटाची कॉलर वर करतो. मग छत्र्याच छत्र्या, ट्रामच्या काचेवरचे ओघळ, ओल्या रस्त्यावरची प्रतिबिंबं. पाहताना वाटतं, सकाळी एक सर आली आणि यांनी ती टिपली. प्रत्यक्षात इव्हेन्स काही महिने कॅमेरा घेऊन पावसाच्या मागावर होता. कितीतरी सरींचे तुकडे जोडून त्यानं एक सर उभी केली. त्या सरीला सुरुवात आहे, चढ आहे, शेवट आहे, म्हणजे नाटकाला लागतं ते सगळं आहे, आणि पात्र एकही नाही.

तुला यातून काय घ्यायचं? कट कुठे पडतात ते बघ. पाण्याची दिशा, छत्रीचा गोल, चाकाचा गोल. एका शॉटमधला आकार किंवा वेग पुढच्या शॉटला बोट धरून नेतो. तू अप्लाइडची आहेस, तुझा डोळा आकारावर आधीच तयार आहे. तुझ्या वर्गात जी रचना शिकवतात ती एका चौकटीपुरती असते. इथे ती एका चौकटीतून दुसरीत वाहते. हाच विचार पुढे कुठवर जातो हे पाहायचं असेल तर बर्ट हान्स्त्राची 'ग्लास' बघ, १९५८ ची. नेदरलँड्समधला काचेचा कारखाना: आधी फुंकून काच घडवणारे कारागीर, त्यांच्या फुगणाऱ्या गालांशी जुळवलेलं जाझ संगीत, आणि मग बाटल्या ओकणारं यंत्र. एका जागी यंत्राचा पंजा चुकतो आणि बाटल्या एकामागून एक फुटायला लागतात. तिथे संकलनाचा ठेका यंत्राच्या ठेक्याशी कसा खेळतो, हे मोजून बघण्यासारखं आहे.

आता आपल्याकडचं. तुझ्या यादीत भारतीय फिल्म्स जवळजवळ नाहीत, आणि हे मला मनापासून खुपतं. 'प्रायोगिक' म्हटलं की युरोपकडे बघायचं अशी सवय झालीय. राजमहाल रोडवरून जाताना कलाभवनाचे घुमट तू रोज पाहतेस. सयाजीराव महाराजांच्या त्या कलाभवनात १८९० च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुण चित्रकला शिकला आणि फोटोग्राफीचे हातखंडे गिरवून गेला. पुढे १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा न हलवता महिन्याहून अधिक काळ एकेक फ्रेम घेत राहिले, आणि पडद्यावर मिनिटभरात दाण्याचं रोप झालं. भांडवल घालणाऱ्यांना हे माध्यम काय करू शकतं ते पटावं, म्हणून केलेली ही फिल्म. त्यात गोष्ट नव्हती, देव नव्हते, नट नव्हता. डोळ्याला कधीच दिसणार नाही ती गोष्ट कॅमेरा दाखवू शकतो, एवढा एकच मुद्दा त्यांनी निवडला आणि तो तडीस नेला. आपल्या चित्रपटाचा आरंभच एका नियमबद्ध प्रयोगातून झाला आहे, आणि तो करणाऱ्या माणसाचा हात बडोद्यात तयार झाला होता.

फाळक्यांनंतर मकबूल फिदा हुसेन. पंढरपुरात जन्म, बालपण इंदुरात, पुढे मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवली. म्हणजे आपल्याच भाषेच्या वाऱ्यावर वाढलेला माणूस. १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजननं, म्हणजे सरकारच्या माहितीपट करणाऱ्या खात्यानं, हुसेन यांना एक फिल्म करू दिली, 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'. बर्लिन महोत्सवात तिला शॉर्ट फिल्मचं सुवर्ण अस्वल मिळालं. बुंदी, चितोड, जैसलमेर ही गावं आणि तिथली माणसं, पण प्रवासवर्णन अजिबात नाही. एक छत्री, एक कंदील, एक जोडा, अशा वस्तू कुठेही उगवतात. भिंतीपाशी, वाळूत, चालत्या माणसाच्या शेजारी. त्यांचं तिथे काय काम, असं विचारलंस की अडकलीस. चित्रकार कॅनव्हासवर लाल ठिपका देतो तेव्हा आपण विचारतो का, की हा इथे का? डावीकडे झुकलेली चौकट त्यानं तोलली जाते, नजर तिथून पुढे सरकते. छत्री तसंच काम करते. दुसऱ्यांदा पाहताना आवाज बंद करून नुसता छत्रीचा माग काढ. ती कधी एकटी असते, कधी माणसाबरोबर, कधी चौकटीच्या कडेला, हे वहीत उतरव. चित्रकार सिनेमाकडे आला की कसा विचार करतो, ते त्या पानावर तुला दिसेल.

हुसेन एकटे नव्हते. अकबर पदमसी यांनी १९७० मध्ये 'सिझिजी' ही निव्वळ रेषा आणि बिंदूंची मूक फिल्म केली. तय्यब मेहता यांची 'कूडल'ही त्याच वर्षाची. नलिनी मलानी यांनी त्याच काळात, तरुणपणी, फिल्मवर प्रयोग केले. तू चित्रकलेच्या घरात शिकतेस, तर हा तुझा थेट वारसा आहे.

पण आपल्याकडचा ज्याच्यावरून मी जीव ओवाळून टाकतो तो माणूस म्हणजे प्रमोद पती. ओडिशाचे, झेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्रन्का या बाहुलीपटांच्या उस्तादाकडे शिकले, फिल्म्स डिव्हिजनमध्ये नोकरी, आणि १९७५ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना गेले. त्या काळी फिल्म्स डिव्हिजनच्या फिल्म्स थिएटरात मुख्य सिनेमाआधी सक्तीनं दाखवत. धरणं, खतं, पंचवार्षिक योजना, आणि वर तो भारदस्त निवेदकाचा आवाज. त्याच सरकारी छताखाली पतींनी १९६८ मध्ये 'एक्सप्लोरर' केली. सात मिनिटं, कृष्णधवल, निवेदनाचा एक शब्द नाही. नाचणारी तरुण मुलं, पूजाअर्चा, प्रयोगशाळेतली उपकरणं, सगळं अशा वेगानं एकमेकांवर आदळतं की पहिल्यांदा पाहताना श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. दुसऱ्यांदा ती थांबवत थांबवत पाहा. काही शॉट मोजक्याच फ्रेम्सचे आहेत. ते डोळ्याला दिसतात न दिसतात, पण मनावर उमटतात. शॉट किती लांब असावा याचं बंधनकारक उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, हे मला 'एक्सप्लोरर'इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या फिल्मनं शिकवलं नाही.

पतींचीच 'आबिद', १९७२ ची. गुजराती वाचकांचे लाडके लेखक-चित्रकार आबिद सुरती एका खोलीत आहेत आणि खोली रंगत जाते. पद्धत पिक्सिलेशनची: माणसालाच बाहुलीसारखं एकेक फ्रेम हलवायचं. माणूस पाय न उचलता सरकतो, रंग आपसूक भिंतीवर चढतो. नियम साधा: एक खोली, एक माणूस, रंग. हॉस्टेलची खोली, फोन आणि स्टँड एवढ्यात बसणारा हा नियम आहे. हे तंत्र आणखी जवळून पाहायचं तर नॉर्मन मॅक्लारेनची 'नेबर्स' (१९५२) कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या साइटवर आहे. दोन शेजारी एका फुलावरून भांडतात, आठ मिनिटांत गोष्ट कुठल्या कुठे जाते. तिच्यातला आवाजही ऐक. मॅक्लारेननं फिल्मपट्टीच्या कडेला, जिथे ध्वनीची रेघ असते तिथे, हातानं ओरखडे काढून तो तयार केलाय.

फिल्म्स डिव्हिजन आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालंय, पण यातल्या बऱ्याच फिल्म्स त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर मिळतात. तिथेच एस. एन. एस. शास्त्रींची 'आय अॅम ट्वेंटी' (१९६७) शोध: १५ ऑगस्ट १९४७ ला जन्मलेल्या, तेव्हा विशीत आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती. मुलाखत कापायची कशी, एकाच्या वाक्यावर दुसऱ्याचं वाक्य कसं ठेवायचं, हे शिकायला ती पाठ्यपुस्तकासारखी आहे. आणि मणी कौल यांची 'अरायव्हल', १९८० ची, वीसेक मिनिटांची. मुंबईत माल येतो: भाजी, फळं, फुलं, मासे, बकऱ्या. माणसंही येतात, कामाच्या शोधात. निवेदन कुठेच सांगत नाही की शहर माणसालाही माल समजतं. शॉट शेजारी ठेवलेत, बाकीचं तुझ्या डोक्यात घडतं. ही पाहून एका पहाटे खंडेराव मार्केटला जा. टेम्पोतून उतरणाऱ्या गोण्या, हमालांच्या पाठी, पाणी मारलेली मेथी, तराजू. फोन छातीच्या उंचीला धर आणि नियम कर, की चेहरा एकही घ्यायचा नाही. हात, पाठी, पाय. बघ काय हाताला लागतं. आणि विचारल्याशिवाय कोणाच्या फार जवळ जाऊ नकोस. तिथली माणसं कामात असतात, त्यांच्या वाटेत उभं राहणं बरं नव्हे.

मेशेसबद्दल बोललंच पाहिजे, कारण ती तुझ्या यादीत पहिली असणार. 'मेशेस ऑफ द आफ्टरनून', माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड, १९४३, चौदा मिनिटं. नवराबायकोनं लॉस एंजेलिसच्या राहत्या घरी, १६ मिमीच्या कॅमेऱ्यावर, स्वतःच कामं करून केलेली फिल्म. किल्ली, सुरी, फूल, आणि चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली काळ्या वस्त्रातली आकृती. ती थोर आहे यात वाद नाही. मात्र विद्यार्थी तिच्यातलं नेमकं नको ते उचलतात. आरसा, सुरी, पांढऱ्या कपड्यात जिना चढणारी मुलगी, शेवटी कळतं की स्वप्न होतं. अशा फिल्म्स मी ढिगानं पाहिल्यात आणि एकही लक्षात नाही. डेरेनकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. शेवटाकडे सुरी हातात घेऊन ती टेबलापासून उठते आणि चालते. एक पाऊल समुद्राच्या वाळूवर, पुढचं गवतमातीत, पुढचं फरसबंदीवर, शेवटचं घरातल्या गालिच्यावर. खोलीतलं दोन हातांचं अंतर, पण पावलं साऱ्या पृथ्वीवरून गेलेली. करामत कसली? प्रत्येक कटला पाय त्याच बाजूनं, त्याच वेगानं खाली येतो. बाकी काही नाही. ही चार पावलं तू उद्या संध्याकाळी करू शकतेस: सुरसागरचा काठ, कमाटी बागेतली हिरवळ, मांडवीतला रस्ता, घरची फरशी. पाय एकाच उंचीवरून, एकाच दिशेनं पडू देत. जुळलं तर अंगावर काटा येतो. जुळलं नाही तर का नाही जुळलं, ते टाइमलाइनवर फ्रेम मोजताना कळतं. सिनेमात जागा कटमधून तयार होते, हे वाचून पटत नाही, एकदा असं स्वतः करून पटतं.

या फिल्मला मूळात आवाज नव्हता. आज ऐकू येतं ते तेइजी इतोचं संगीत १९५९ मध्ये जोडलंय. म्हणून ती एकदा निखळ मूक पाहा, एकदा संगीतासह. दोन वेगळ्या फिल्म्स वाटतील.

बाकीच्या पटापट सांगतो. पोलंडच्या रिब्चिन्स्कीची 'टँगो' (१९८०): एक खोली, एका मुलाचा चेंडू खिडकीतून आत येतो, तो घ्यायला मुलगा येतो, मग माणसं वाढत जाऊन छत्तीस पात्रं आपापली क्रिया पुन्हापुन्हा करत राहतात, कोणी कोणाला धडकत नाही. संगणक नसताना हे कसं केलं असेल याचा विचार कर. स्टॅन ब्रॅकेजची 'मॉथलाइट' (१९६३): कॅमेराच नाही, पतंगांचे पंख आणि पाकळ्या पारदर्शक पट्टीत चिकटवून प्रोजेक्टरमधून सोडलेल्या. अब्बास किआरोस्तामीची पहिली फिल्म 'ब्रेड अँड अॅली' (१९७०): एक मुलगा, एक पाव, गल्लीत आडवा आलेला कुत्रा. मुलगा आणि कुत्रा तुकड्यांत घेऊन जोडावेत असा छायाचित्रकाराचा आग्रह होता, किआरोस्तामी एकाच शॉटसाठी अडून राहिला. आपल्या पोळांत, म्हणजे जुन्या दाटीच्या गल्ल्यांत, राहणाऱ्याला ती गल्ली ओळखीची वाटेल. फोरूग फारुखजादची 'द हाउस इज ब्लॅक' (१९६२) कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवर आहे. करणारी कवयित्री आहे, आणि दयेचा गहिवर न आणता माणसाकडे कसं पाहावं हे मला दुसरीकडे क्वचित दिसलं. ती एकटीनं, रात्री पाहू नकोस. कोणी बरोबर असू दे. गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' (२००६) पाहा, म्हातारी, तिचं मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं.

मायकल स्नोची 'वेव्हलेंग्थ' आणि वॉरहॉलची आठ तासांची 'एम्पायर' सध्या वगळ. थोर असतील, आहेतच, पण अजून हात बसला नसताना त्या पाहिल्या की 'काहीच न करणं म्हणजे कला' असा समज होतो आणि तो काढायला वर्षं लागतात.

आवाजाविषयी तू एक शब्दही विचारला नाहीस. कोणीच विचारत नाही. उमेश कुलकर्णींची 'गिरणी' प्रायोगिक या खान्यात बसत नाही, ती सरळ गोष्टच सांगते. पण विद्यार्थी असताना केलेली मराठी फिल्म आहे आणि तिच्यात गिरणीचा आवाज घरात शिरतो तो एखाद्या पात्रासारखा. ती एकदा डोळे मिटून ऐक. कोणता आवाज कुठून येतो, कधी थांबतो, थांबल्यावर काय होतं. मग आपल्या घरात रात्री दहा वाजता बसून ऐकू येणारे आवाज लिहून काढ. रेल्वेचा भोंगा, शेजारचा टीव्ही, कुकर, लिफ्टचा दरवाजा. शूटिंगच्या वेळी मैत्रिणीचा फोन आवाजाच्या उगमापाशी ठेवून त्यावर वेगळा आवाज रेकॉर्ड कर. तुझ्या कॅमेऱ्याच्या फोनवर येतो तो दूरचा, खोलीत घुमलेला आवाज असतो, आणि चित्र कितीही देखणं असलं तरी तो फिल्म घालवतो.

पाहण्याची रीत अशी ठेव. पहिल्यांदा सलग, अंधारात, फोनवरच पाहत असलीस तर बाकीचे मेसेज बंद ठेवून. दुसऱ्यांदा आवाज बंद. तिसऱ्यांदा नुसता आवाज. मग वही घेऊन एका मिनिटाचे सगळे शॉट उतरव: काय दिसतं, किती सेकंद, कट कशावर. अख्खी फिल्म नको, एकच मिनिट. आणि वर नियम लिही, एका वाक्यात. हे करून झाल्यावरच त्या फिल्मबद्दल वाच, आधी कोणाचं मत वाचलंस की तुझी नजर त्याच वाटेनं जायला लागते.

फोनच्या चार गोष्टी. फोकस आणि एक्सपोजर लॉक कर, नाहीतर मध्येच उजेड वरखाली होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तेव्हा ट्यूबलाइटखाली २५ फ्रेम्स आणि शटर एक-पन्नासांश ठेव, चित्र लुकलुकायचं थांबेल. त्यासाठी मॅन्युअल सेटिंग देणारं अॅप लागेल, फुकट मिळतात. शूट करताना एअरप्लेन मोड. पिक्सिलेशन किंवा फाळक्यांसारखं रोप करायचं असेल तर फोनमधला तयार टाइमलॅप्स वापरू नकोस, ठरल्या वेळी एकेक फोटो काढ. कोणत्या दोन क्षणांमध्ये किती वेळ सोडायचा हा निर्णय तुझा असला पाहिजे, अॅपचा नव्हे. आणि फोन चिकटपट्टीनं असा बसव की घरातली कोणी झाडू मारताना तो हलणार नाही.

पुण्याच्या किंवा कोलकात्याच्या फिल्म संस्थेत जावं का, असं पुढे विचारशीलच. जमलं तर जरूर जा, तिथे मिळणारी संगत आणि उपकरणं मोलाची आहेत. पण प्रवेश मिळेपर्यंत थांबून राहू नकोस. प्रवेशाच्या वेळीही तू काय काय पाहिलंस यापेक्षा काय करून पाहिलंस ते जास्त उपयोगी पडतं. फिल्म झाली की मुंबईचा मिफ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव, केरळचा डॉक्युमेंटरी-शॉर्ट फिल्म महोत्सव, बेंगळुरूचा एक्सपेरिमेंटा, अशा ठिकाणांचे नियम वाच. तुझ्या आधी तिथे कसल्या फिल्म्स गेल्या ते बघ आणि मगच फीचे पैसे भर.

त्याआधी एक काम. अल्बमची फिल्म, चार पावलं आणि खंडेराव मार्केट, या तिघांपैकी एकच निवड. लांबी तीन मिनिटांच्या आत. पहिल्या पानावर नियम लिहून ठेव, आणि संकलन करताना जो शॉट तो नियम मोडतो तो कितीही सुंदर असला तरी एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेव. रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा खर्डा, झाला की तो फोल्डरही घेऊन ये. आपण दोन्ही शेजारी लावून बघू, आणि त्यातला एखादा शॉट परत आत घ्यायचा का ते तिथेच ठरवू.